लस घेतली, तरी संसर्ग का होतो?

जानेवारी २०२२चा पहिला आठवडा मुंबईकरांच्या चांगलाच स्मरणात असेल. कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिनच्या दोन्ही मात्रा घेऊन निर्धास्त झालेली घरेच्या घरे त्या आठवड्यात तापाने फणफणली. ६ जानेवारीला शहरात एका दिवसात २० हजारांहून अधिक नव्या रुग्णांची नोंद झाली. एप्रिल २०२१मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असतानाही, हा आकडा ११ हजारांच्या आसपास थांबला होता. साहजिकच ‘मग लस घेऊन उपयोग काय?’ हा प्रश्न लोकलच्या डब्यापासून सोसायटीच्या बैठकीपर्यंत सर्वत्र विचारला गेला.

रुग्णालयांतील चित्र मात्र निराळे होते. नऊ महिन्यांपूर्वी प्राणवायूच्या सिलिंडरसाठी जी धावाधाव झाली होती, तिचा या वेळी मागमूस नव्हता. बहुसंख्य रुग्ण चार-पाच दिवसांत घरीच बरे झाले. ओमायक्रॉन हा विषाणूचा अवतारच मुळात डेल्टाहून सौम्य होता, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते आणि ते चुकीचे नाही. परंतु ते पुरेसेही नाही. याच ओमायक्रॉनने फेब्रुवारी ते एप्रिल २०२२ या काळात हाँगकाँगमध्ये सुमारे ९ हजार बळी घेतले. तेथील ऐंशीच्या पुढील बहुसंख्य वृद्धांनी लाट येईपर्यंत लस घेतलेली नव्हती आणि मृतांमध्ये त्यांचेच प्रमाण मोठे होते. ज्यांच्या शरीराला या विषाणूची काहीच ओळख नव्हती, त्यांच्यासाठी ‘सौम्य’ विषाणूही सौम्य राहिला नाही.

ही ओळख म्हणजेच रोगप्रतिकारक यंत्रणेची स्मृती. संसर्ग रोखणे आणि आजार गंभीर होऊ न देणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, ती या स्मृतीचे निरनिराळे भाग करतात आणि ते भाग सारखेच टिकाऊ नाहीत. लसीविषयीचे बहुतेक गैरसमज या एका गोष्टीच्या विस्मरणातून निर्माण होतात.

फेरो बेटांवरील वृद्ध

शरीर एखाद्या रोगाला किती काळ लक्षात ठेवते, याचा पहिला पद्धतशीर पुरावा १८४६मध्ये उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर मिळाला. त्या वर्षी बेटांवर गोवराची साथ आली. जेमतेम पावणेआठ हजार लोकवस्तीपैकी सहा हजारांहून अधिक माणसे अंथरुणाला खिळली. डेन्मार्क सरकारने पीटर पानुम या पंचविशीतील डॉक्टरला तेथे धाडले. पानुम घरोघर फिरला, वयाच्या आणि आजाराच्या नोंदी केल्या. त्याच्या ध्यानात आले, की काही अगदी वृद्ध माणसे या साथीतून साफ सुटली आहेत. चौकशीअंती कळले, की बेटांवर यापूर्वीची गोवराची साथ १७८१ मध्ये आली होती आणि ही मंडळी तेव्हा बालपणी आजारी पडली होती. मधल्या ६५ वर्षांत गोवराचा विषाणू बेटांवर फिरकलाही नव्हता. तरीही १७८१मध्ये गोवर होऊन गेलेल्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे पानुमला आढळले नाही. ज्या वृद्धांना तेव्हा तो झाला नव्हता, त्यांना मात्र वयाची सत्तरी गाठल्यावर झाला.

विषाणू नावाची वस्तूच ज्या काळी ठाऊक नव्हती, त्या काळातील हे निरीक्षण आजही प्रतिकारशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते.

काखेतील शाळा

दंडावर लस टोचल्यानंतर दोन-तीन दिवसांनी काखेत दुखरी गाठ आल्याचा अनुभव अनेकांनी घेतला असेल. जुनी माणसे अशा गाठीला ‘अवधाण’ म्हणत. स्मृती घडवण्याचे काम तेथेच, त्या लसिका ग्रंथीत, चालू असते. लसीतील विषाणूचा अंश ग्रंथीत पोहोचला, की त्याला चिकटू शकणाऱ्या मोजक्या बी-पेशी भराभर वाढू लागतात. वाढताना त्यांच्या जनुकांत बारीकसारीक बदल होतात. ज्या पेशीचा बदल विषाणूला अधिक घट्ट पकडतो ती टिकते, बाकीच्या मरतात. ही निवड आठवडेच नव्हे, तर कित्येक महिने चालू राहते. त्यामुळे लसीनंतर सहा महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे संख्येने कमी झालेली असली, तरी गुणाने अधिक कसलेली असू शकतात.

या शाळेतून दोन प्रकारचे विद्यार्थी बाहेर पडतात. पहिल्या प्रकारच्या पेशी प्रतिपिंडांचे कारखानेच असतात. त्यांतील बहुतेक काही दिवसांतच मरतात, परंतु थोड्या अस्थिमज्जेत जाऊन ठाण मांडतात आणि वर्षानुवर्षे, कोणी न सांगता, प्रतिपिंडे तयार करीत राहतात. रक्तातील प्रतिपिंडांचा साठा सुमारे तीन आठवड्यांत निम्मा होतो. तेव्हा फेरो बेटांवरील वृद्धांच्या अंगात जी प्रतिपिंडे होती, ती १७८१ची शिल्लक नसून ताजी निपज होती, हे उघड आहे. दुसऱ्या प्रकारच्या स्मृतिपेशी स्वतः काही तयार करीत नाहीत. त्या शरीरभर फिरत राहतात आणि ओळखीचा शत्रू दिसताच पुन्हा वाढू लागतात.

यांच्या जोडीला टी-पेशी असतात. त्यांतील काही बी-पेशींना मदत करतात, तर काही विषाणूने ताब्यात घेतलेल्या पेशीच नष्ट करून टाकतात. त्या संसर्ग रोखू शकत नाहीत, कारण संसर्ग झाल्यावरच त्यांचे काम सुरू होते. मात्र त्यांची स्मृती दांडगी असते. २००३मधील सार्सच्या साथीतून बचावलेल्या व्यक्तींच्या रक्तात १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी सिंगापूरच्या संशोधकांना २०२०मध्ये सापडल्या. प्रतिपिंडे तोवर बहुतेकांच्या रक्तातून जवळपास नाहीशी झाली होती.

अस्थिमज्जेतील कारखान्यांच्या बाबतीत सर्व लसी सारख्या नाहीत. गोवराची जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस दीर्घायुषी पेशी भरपूर निर्माण करते. कोरोनाच्या एमआरएनए लसी मात्र येथे उण्या पडतात. त्यांच्यामुळे तयार होणाऱ्या पेशी अस्थिमज्जेच्या दीर्घायुषी कप्प्यात फारशा रुजत नाहीत, असे अमेरिकेतील एमोरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४मध्ये दाखवून दिले. प्रतिपिंडे लवकर का ओसरतात, याचे उत्तर काही अंशी येथे आहे.

वेळेची शर्यत

सारेच उत्तर मात्र येथे नाही. स्मृतिपेशी जाग्या होऊन पुरेशा संख्येने कामाला लागायला साधारण चार-पाच दिवस लागतात. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून अंगावर पुरळ उठेपर्यंत १० ते १४ दिवस जातात, कारण तो श्वसनमार्गातून लसिका ग्रंथींत, तेथून रक्तात आणि मग सर्वांगात असा लांबचा प्रवास करतो. या अवधीत स्मृतिपेशी त्याला सहज गाठतात. इन्फ्लुएन्झाचा अधिशयन काळ मात्र सुमारे दोन दिवसांचा आहे, तर ओमायक्रॉनचा सुमारे तीन दिवसांचा. या विषाणूंना लांबचा प्रवास करावाच लागत नाही. नाक आणि घसा हेच त्यांचे प्रवेशद्वार आणि हेच त्यांचे घर. स्मृतिपेशी जाग्या होईपर्यंत ताप येऊन गेलेला असतो आणि शेजारच्याला संसर्गही पोहोचलेला असतो.

फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया करायला मात्र कोरोना विषाणूला आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तोवर स्मृतिपेशींची आणि टी-पेशींची कुमक येऊन पोहोचते. घसा दुखला, ताप आला, पण प्राणवायू लावावा लागला नाही, या जानेवारी २०२२च्या अनुभवामागील मुख्य कारण हेच होय.

याचा प्रत्यक्ष प्रयोगही होऊन गेला आहे आणि तोही कोविडच्या ३० वर्षे आधी. इंग्लंडमधील सॅलिसबरी येथे १९४६ ते १९९० या काळात सर्दीवर संशोधन करणारे केंद्र होते. तेथे स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडून निरीक्षणे केली जात. साध्या सर्दीच्या एका कोरोना विषाणूचा, २२९ई याचा, असा प्रयोग १५ जणांवर झाला. त्यांपैकी १० जणांना संसर्ग झाला. वर्षभराने १४ जणांना पुन्हा तोच विषाणू देण्यात आला. पूर्वी संसर्ग झालेल्या नऊ जणांपैकी सहा जणांना तो पुन्हा झाला, पण सर्दी मात्र त्यांच्यापैकी एकालाही झाली नाही! १९९०मध्ये प्रसिद्ध झालेला हा छोटासा निबंध पुढे तीन दशके फारसा कोणाच्या स्मरणात नव्हता. २०२०मध्ये तो अचानक जगभर वाचला जाऊ लागला.

प्रवेशद्वारावरील पहाऱ्याचे काम नाक-घशाच्या श्लेष्मल आवरणात स्रवणारी आयजीए प्रकारची प्रतिपिंडे करतात. दंडावर टोचलेल्या लसीने ती फारशी तयार होत नाहीत, तर रक्तातील प्रतिपिंडे नाकापर्यंत थोडीच झिरपतात. लसीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातील पातळी इतकी उंच असते, की झिरपलेला अंशही पुरेसा ठरतो. म्हणूनच त्या काळात संसर्गही बऱ्यापैकी टळतो आणि पुढे टळत नाही. नाकावाटे देण्याच्या लसींचा आग्रह याच विचारातून धरला जातो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूवरील ‘नेझोव्हॅक’ ही अशी लस २०१०मध्येच आणली होती. भारत बायोटेकची ‘इन्कोव्हॅक’ २६ जानेवारी २०२३ रोजी दाखल झाली. नाकातील या पहाऱ्याने संसर्ग दीर्घकाळ थांबतो, असे मात्र मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालेले नाही. आयजीएची स्मृतीही अल्पायुषीच असल्याचे दिसते.

पुण्यातील २००९

विषाणूने रूप बदलले तर स्मृती असूनही ती कामी येत नाही. गोवराच्या विषाणूला असे रूपांतर साधत नाही. अर्धशतकापूर्वीची गोवराची लस आजही तितकीच चालते, ती यामुळेच. इन्फ्लुएन्झा मात्र बहुरूपी आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याच्या लसीचा मसुदा वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, नव्याने ठरवते. निवड बरोबर जमलेल्या वर्षीही ही लस आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच कमी करते.

तरीही जुनी स्मृती कधी कशी उपयोगी पडेल, हे सांगता येत नाही. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली. एरवी फ्लूचा सर्वाधिक फटका म्हाताऱ्यांना बसतो. या वेळी जगभर उलटे दिसले. मुले आणि तरुण अधिक संख्येने आजारी पडले, साठीच्या पुढील मंडळी त्या मानाने बचावली. कारण १९५७पूर्वी जन्मलेल्यांच्या शरीराने बालपणी एच१एन१ विषाणूच्या जुन्या पिढ्या पाहिल्या होत्या. १९१८च्या महासाथीतून आलेला हा विषाणू १९५७मध्ये मागे पडला आणि १९७७मध्ये पुन्हा अवतरला. परंतु तोवरच्या बदलांमुळे त्याचे आधीचे रूप २००९च्या विषाणूशी अधिक मिळतेजुळते होते. १९१८च्या साथीच्या वेळी लहान असलेल्या, वयाच्या नव्वदी-शंभरीतील ३२ अमेरिकी वृद्धांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे शाबूत असल्याचे संशोधन तर त्याच्या आदल्याच वर्षी, २००८मध्ये, प्रसिद्ध झाले होते.

या पहिल्या ओळखीची दुसरी बाजूही आहे. बालपणी भेटलेल्या फ्लूच्या विषाणूचा ठसा इतका खोल उमटतो, की पुढे नवा विषाणू आला तरी शरीर प्रथम जुन्यालाच उत्तर देऊ लागते. अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस फ्रान्सिस यांनी १९६०मध्ये याला ‘मूळ पाप’ असे बायबलमधील नाव दिले. वारंवार जुन्याच विषाणूवर बेतलेली लस घेण्यापेक्षा तिचे रूप अद्ययावत करणे का आवश्यक असते, हे यावरून समजावे.

दोन मात्रांमधील अंतर

काखेतील शाळेला वेळ हवा असतो, हे लक्षात घेतले तर २०२१मधील एक वाद अधिक स्पष्ट होतो. कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर आधी चार ते सहा, मग सहा ते आठ आणि १३ मे २०२१ रोजी १२ ते १६ आठवडे करण्यात आले. लशींचा तुटवडा झाकण्यासाठीच हा निर्णय झाल्याची टीका तेव्हा झाली. तुटवडा होता, हे खरेच. परंतु निर्णयाला शास्त्रीय आधारही होता. ऑक्सफर्डच्या चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आत दुसरी मात्रा घेणाऱ्यांना सुमारे ५५ टक्के, तर १२ आठवड्यांनी घेणाऱ्यांना सुमारे ८१ टक्के संरक्षण मिळाले होते. गंमत अशी, की भारताने अंतर वाढवले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने पन्नाशीपुढील आणि अधिक जोखमीच्या व्यक्तींसाठी ते १२ वरून आठ आठवड्यांवर आणले. डेल्टा विषाणू दारात असताना चांगल्या स्मृतीसाठी थांबायचे, की असेल तसे संरक्षण आधी पदरात पाडून घ्यायचे, हा तो पेच होता. डेल्टापुढे एकच मात्रा फारच अपुरी ठरत होती. तेव्हा त्या विशिष्ट महिन्यांत, निदान वृद्धांच्या बाबतीत, ब्रिटनचे गणित अधिक सावध होते, असे म्हणावे लागते.

आकडे फसवे का वाटतात?

‘रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी निम्म्यांनी लस घेतलेली होती’ अशा स्वरूपाच्या बातम्या त्या काळात अनेकदा आल्या. बातमी खरी असूनही तिचा अर्थ चुकीचा लावला जाऊ शकतो. १० हजार वस्तीच्या एखाद्या विभागाची कल्पना करावी. त्यातील नऊ हजारांनी लस घेतली आहे, एक हजारांनी नाही. लस न घेतलेल्या शंभरातील ३० जणांना संसर्ग होतो आणि चौघांना रुग्णालयात जावे लागते, असे धरू. लस संसर्गाचा धोका निम्म्यावर आणते आणि गंभीर आजाराचा ९० टक्क्यांनी कमी करते, असेही धरू. आता हिशेब केला तर लस न घेतलेले ३००, तर लस घेतलेले १,३५० जण आजारी पडतील. रुग्णालयात अनुक्रमे ४० आणि ३६ जण जातील. म्हणजे दाखल झालेल्यांत जवळपास निम्मे लसवंत! लस नसती तर दाखल होणाऱ्यांची संख्या मात्र ७६ नव्हे, ४०० झाली असती.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात जुलै २०२१मध्ये नेमके असेच घडले. बार्नस्टेबल परगण्यातील ४६९ रुग्णांपैकी ७४ टक्के जणांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. या आकड्याने जगभर खळबळ उडाली. त्या साथीत रुग्णालयात पाच जणच दाखल झाले आणि मृत्यू एकही झाला नाही, हे मात्र मथळ्यांत फारसे आले नाही.

प्रतिपिंडांची रक्तचाचणी करून स्वतःचा ‘स्कोअर’ पाहण्याची टूमही तेव्हा निघाली होती. अहवालातील आकडा मोठा आला म्हणून मास्क काढणारे आणि छोटा आला म्हणून धास्तावणारे, दोघेही चुकत होते. या चाचणीत स्मृतिपेशी मोजल्या जात नाहीत, टी-पेशी मोजल्या जात नाहीत आणि नाकातील पहाराही मोजला जात नाही. फ्लूसाठी दीर्घ अनुभवावरून ठरलेली जी पातळी आहे, तीसुद्धा संसर्गाचा धोका सुमारे निम्म्याने घटल्याचीच निदर्शक मानली जाते.

स्मृतीच दुबळी असेल, अशांची गोष्ट मात्र वेगळी. साठी-पासष्टीनंतर नव्या बी आणि टी-पेशी कमी तयार होतात आणि लसीला मिळणारे उत्तर मंदावते. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण, बी-पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅबसारखे औषध चालू असलेले संधिवाताचे रुग्ण यांच्यात तर कधी कधी स्मृती घडतच नाही. वर्धक मात्रा आणि दरवर्षीची फ्लूची लस यांचा खरा लाभ या मंडळींना आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्यांना असतो. धडधाकट तिशीतील माणसाला त्यातून काही महिन्यांचे जादा संरक्षण मिळते, एवढेच.

पुसली जाणारी पाटी

घडलेली स्मृती नष्ट करणाराही एक विषाणू आहे आणि तो म्हणजे फेरो बेटांवरचा तोच गोवर. तो स्मृतिपेशींवरच हल्ला करतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासले असता, इतर रोगांविरुद्धच्या त्यांच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाल्याचे २०१९मध्ये दिसून आले. गोवर बरा होतो, पण न्यूमोनिया, अतिसार अशा अन्य रोगांशी शरीराने महत्प्रयासाने करून घेतलेली ओळख पुसली जाते. लसीतील दुर्बल विषाणू असे काही करीत नाही.

२०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराने मुलांचे बळी घेतले, तेव्हा कोविडच्या दोन वर्षांत चुकलेल्या लसीकरणाचा हिशेब पुढे आला. देशाच्या वेळापत्रकानुसार गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात दिली जाते. नवव्या महिन्यातील एका मात्रेने सुमारे ८५ टक्के बालकांना संरक्षण मिळते. दुसरी मात्रा प्रामुख्याने उरलेल्यांसाठी असते. साथीच्या त्या विभागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही लस देण्यात आली. या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात शिल्लक असतात आणि तीच लसीतील विषाणूला निष्प्रभ करतात. त्यामुळे स्मृती नीट घडत नाही. म्हणूनच ती मात्रा हिशेबात न धरता, त्या बाळांना पुढच्या दोन्ही मात्रा ठरल्या वेळी द्याव्या लागतात.